लग्नाच्या सालची बिअर

पीयूषनं गीतांजलीचा उजवा हात दाराच्या चौकटीवर ठेवायला लावला आणि दार लावलं. रागाच्या भरात झालं, चुकून झालं, असलं काही नव्हे. "रख, रख ना, डरती क्यूँ है," असं गोडीत म्हणत त्यानं तिची बोटं स्वतःच्या हातानं नीट पसरून घेतली होती. कारण काय, तर ह्याचा फोन तिनं पहिल्या वेळी उचलला नाही, दुसऱ्या वेळी उचलला. नाव पीयूष, म्हणजे म्हणे अमृत. असल्या अमृताला आग लागो.

स्मृति नगरातल्या माहेरच्या स्वयंपाकघरात गीतांजलीनं हे आईबापासमोर सांगितलं, तेही डाव्या हातानं चहात बिस्कीट बुडवता बुडवता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. पुढच्या एका दाताचा टवकाही उडाला होता, पण त्याबद्दल ती "बाथरूममधे घसरली" एवढंच म्हणाली. देवराव लांजेवार ऐकत होते. आयुष्यभर भिलाईच्या पोलाद प्लांटात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये फिटर, मग चार्जमन, लालभडक रूळ समोरून सरकताना पापणी न लववणारा माणूस. ते उठले आणि बेसिनमध्ये भडभडून ओकले.

आता तुम्ही विचाराल, ह्याआधी बाप काय झोपला होता? झोपला नव्हता, पाठवत होता. मागं जेव्हा जेव्हा पोरगी आली तेव्हा तेव्हा मागोमाग पीयूष भिलाई-3 वरून गाडी घेऊन आला, सासूसासऱ्यांच्या पाया पडला, रडला, कलावतीच्या हातचे लाडू हाणले, आणि देवरावांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "जा बेटा, संसार आहे." सोयरीक तोलामोलाची होती ना! पीयूषचे वडील श्यामराव त्याच मिलमधले, शिफ्टमधले सोबती. माणूस भला, म्हणून पोरगाही भला असेल असं धरून चालले. जावई दहावा ग्रह म्हणतात. पण ग्रहाची शांत तरी करता येते.

ह्या वेळी देवराव तोंड पुसून आले आणि म्हणाले, "बस झालं. आता तू जायचं नाही."

"जाईन मी," गीतांजली म्हणाली. "नाही गेली तं तो इथं येईल. मागच्या खेपेले मले म्हणे, तुया बापाले जिन्यावरून ढकलतो अन् बुढा चक्कर येऊन पडला म्हणून सांगतो. तो बोलते ते करते, बाबा."

"माह्यासाठी जाते का तू?"

"मग कोणासाठी जाऊ?"

तिनं बॅग उघडलीच नव्हती. ती तशीच भरलेली, चेन लावलेली, पुढच्या दाराशी ठेवून दिली. येता जाता देवरावांना ती दिसायची आणि तळपायाची आग मस्तकात जायची. मग पीयूषचा फोन आला. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी येतो, प्रसाद घेतो आणि गीतूले नेतो म्हणाला. आवाज साखरेत घोळलेला होता.

देवरावांनी फोन ठेवला आणि ते तळघरात उतरले.

ह्या तळघराचं सांगायला हवं. घर बांधताना देवरावांनी ठेकेदाराला पहिली गोष्ट सांगितली ती तळघराची. भिलाईच्या उन्हाळ्यात वर कूलर हात टेकतात, पण खाली जमिनीच्या पोटात थंड असतं. तिथं देवरावांची बिअर झोपायची. प्यायची नव्हे, झोपायची. तरुणपणी प्लांटमध्ये एक रशियन साहेब होता, त्यानं देवरावांना शिळ्या पावाचं आंबट पेय करायला शिकवलं. साहेब गेला, नाद राहिला. पावावरून देवराव जवावर आले. जव भिजवून मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे, कढईत कॉफीसारखे काळे होईस्तोवर भाजायचे, हे कलावतीचं काम. उकळणं, गाळणं, खमीर घालणं, हे देवरावांचं. कायद्यात बसत नव्हतं ते, पण विकायचं नव्हतं, कुणाला सांगायचंही नव्हतं. शेजारपाजारी समजायचे, लांजेवारांकडे सत्तू भाजून राहिले.

वर्षाला एकच घाणा. बाटल्यांवर कागद चिकटवून त्यावर सालाची ओळख लिहायची: घर बांधलं ते साल, रिटायर झालो ते साल, गीतूची डिग्री. आणि दर विश्वकर्मा पूजेला पाना, हातोडा, उकळायचा हंडा ह्यांना हळदकुंकू वाहून झालं की एकेका सालची एकेक बाटली फोडायची आणि नवराबायकोनं घोट घोट चव घ्यायची. पहिल्या वर्षी कडू जहर लागणारी बिअर चारपाच वर्षांत अशी मऊ व्हायची की जिभेवर काकवी, मनुका आणि चिंचेचा कोळ एकामागून एक येऊन जायचे. कलावती आधी नाक मुरडायची, मग देवरावांपेक्षा अचूक सांगायची. "ह्या सालचा जव जरा जास्त करपला होता वो," म्हणायची, आणि ते खरं असायचं.

एक काम मात्र फक्त तिचं होतं. बाटल्या भरताना प्रत्येकीत चमचाभर साखर टाकायची. बंद बाटलीत खमीर ती साखर खातं आणि गॅस सोडतं, फेस येतो तो त्याचा. साखर टाकायची राहिली तर बिअर मेली. जास्त झाली तर बाटलीचा बॉम्ब होतो. म्हणून तो चमचा कलावतीशिवाय कुणाच्या हाती जायचा नाही.

आणि गीतांजलीच्या लग्नाच्या साली नेमकी तिथंच माशी शिंकली. देवराव म्हणाले, वऱ्हाड्यांना आपली बिअर पाजू. कलावती म्हणाली, माझ्या पोरीच्या मांडवात दारू? मेल्यावर! झालं, दोघांत अबोला. "गीतू, तुया बाबाले सांग भाजी वाढली." "गीतू, तुया आईले सांग मीठ नाही." त्या अबोल्यातच बाटल्या भरायचा दिवस आला. देवरावांना वाटलं, ही रुसली आहे, साखर कुठली टाकते, म्हणून त्यांनी ती सरळ पिंपातच ढवळली. कलावतीला वाटलं, भांडण आपल्या जागी, काम आपल्या जागी. ती पहाटे उठून नेमानं प्रत्येक बाटलीत चमचा चमचा टाकून आली होती. सांगणार कोण कोणाला?

लग्न लागलं, पोरगी नांदायला गेली, आणि एका दुपारी तळघरात पहिली बाटली फुटली. मग दुसरी. काचा छताच्या प्लास्टरमध्ये रुतल्या. दोघं नवराबायको जिन्यात एकमेकांना धरून उभे. "तू साखर टाकली?" "म्हणजे तुम्ही बी टाकली?" तिथं अबोला सुटला आणि हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेल्या बाटल्या देवरावांनी हेल्मेट आणि जाड हातमोजे चढवून एका लोखंडी पेटीत निजवल्या, झाकणाला तार पिळली आणि तारेला लाल टॅग बांधला. प्लांटमधला टॅग. 'धोका. हात लावू नका.' मशीन दुरुस्तीला काढलं की स्विचला हा टॅग लागतो, आणि त्याचा नियम भिलाईत शेंबडं पोरही जाणतं: ज्यानं लावला त्यानंच काढायचा. मॅनेजर आला, मंत्री आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. गीतांजली लहान असताना कपाटावर आपला खाऊ ठेवून त्याला बापाचा जुना टॅग बांधून ठेवायची, आणि देवराव इमानदारीत हात लावायचे नाहीत.

तर त्या दिवशी फोन ठेवून देवराव खाली आले ते त्या पेटीपुढं उभे राहिले.

पूजेच्या सकाळी आंघोळ करून, हातमोजे चढवून त्यांनी कातरीनं टॅगची दोरी कापली. टॅग शर्टाच्या खिशात ठेवला. मी लावला, मीच काढला, नियम मोडला नाही, असं स्वतःशी म्हणाले. मग तार सोडून एक बाटली श्वास रोखून उचलली आणि टेबलावरच्या ओळीत शेवटी नेऊन ठेवली. त्यांच्या मनात काय होतं ते स्पष्टच सांगतो. त्यांना जावयाचा हात हवा होता. तोच हात, ज्यानं पोरीची बोटं चौकटीवर पसरली. हातासोबत डोळे गेले असते तरी त्यांना वाईट वाटलं नसतं. त्या बाटलीपर्यंत आलं की म्हणायचं, जावईबापू, ही तुमच्या लग्नाच्या सालची, तुम्हीच उघडा. आणि आपण हंड्यामागं व्हायचं. बाटली फुटली, बस. घरगुती बिअर फुटतेच.

पीयूष दुपारी आला. पेढ्यांचा डबा, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, आणि तोंडाला आधीच लावून आलेल्या दारूचा वास. चपला व्हरांड्यात काढून आला, वाकला, पाया पडला. दाराशी बॅग पाहून खूश झाला. "अरे वा, तैयार आहे की मॅडम."

"बसा जावईबापू," देवराव म्हणाले. "आधी खाली या. पूजेची चव घ्या. मग पाठवणी."

कलावतीनं नवऱ्याकडं पाहिलं. परक्या माणसाला देवराव तळघर दाखवत नसत, आणि ह्याला? ती विचारायला पुढं झाली. पण देवरावांनी डोळ्यानंच तिला गप्प केलं.

खाली देवराव रीतीनं ओतत होते. काचेच्या छोट्या पेल्यात, तिरपं धरून, फेस न मोडता. "आधी वास घ्या. घोट तोंडात फिरवा. गिळल्यावर जरा थांबा, खरी चव मागून येते."

"काय काढा आहे हा, पापाजी!" पीयूष एका घोटात पेला रिता करून म्हणाला. "ठंडी बी नाही. बाजारात चिल्ड मिलती है, अन् तुम्ही इतके साल सडवून राहिले."

गाढवाला गुळाची चव काय! पण फुकटची होती, म्हणून पीत होता. घर बांधलं ते साल पोटात गेलं, रिटायरमेंट गेली, गीतूची डिग्री गेली. जुनी बिअर गोड बोलते आणि जोरात लागते. पीयूषचे डोळे तांबडे झाले, जीभ सुटली. देवरावांनी ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही. पण माणूस आहे, राहवलं नाही.

"तिची बोटं काऊन चेचली बे?"

पीयूष हसला. समोरच हळदकुंकू वाहिलेला मोठा पाना होता, तो त्यानं बोटानं टिचकावला. "तुम्ही तर लोहेवाले ना, पापाजी. औरत अन् लोहा, गरम आहे तोवर ठोकावं लागते. थंड झाल्यावर आकार घेत नाही."

"अबे, लोखंडाले आम्ही तुह्यापेक्षा इज्जतीनं हात लावतो," देवराव म्हणाले.

पुढचं डोळ्याचं पातं लवतं तोवर झालं. पीयूषनं सासऱ्याची मान धरली आणि कपाळ रॅकच्या कडेवर आपटलं. एकदा आपटलं, केस धरून मागं ओढलं, पुन्हा आपटलं. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. "आवाज नीचे," तो कानात म्हणाला, आणि हातरुमालानं स्वतःचा हात पुसून पुन्हा खुर्चीवर बसला. काही झालंच नाही असा बसला.

देवरावांनी टेबलाचा आधार घेतला. आता. हीच वेळ. त्यांनी शेवटच्या बाटलीकडं बोट केलं. "ही... ही तुमच्या लग्नाच्या सालची. तुमच्या हातानं उघडा."

"माह्या हातानं?" पीयूषनं बाटली उचलली, कागदावरचं 'गीतूचं लग्न' वाचलं. देवराव एक पाऊल हंड्यामागं सरकले. "पापाजी, घरी मी बाटली उघडत नाही. आमच्या घरची रीत वेगळी आहे." आणि जिन्याकडं तोंड करून ओरडला, "गीतूऽ! नीचे आ!"

गीतांजली धावत उतरली. बापाच्या तोंडावरचं रक्त पाहून जागीच थांबली.

"इधर आ. बाबाले दाखव, आपण बाटली कशी खोलतो."

ती हलली नाही. पीयूषनं तिच्या वेणीला हिसडा दिला, गुडघ्यावर बसवली आणि बाटलीचं तोंड तिच्या तोंडाला लावलं. "दात से. चल."

दात! देवरावांच्या डोक्यात तो टवका उडालेला दात उभा राहिला. बाथरूममध्ये घसरली म्हणे. जावयासाठी मांडलेला सापळा पोरीच्या तोंडाशी आला होता, आणि तो मांडला होता त्यांनी, टॅग काढून, आंघोळ करून.

"सोड! सोड तिले, फुटते ते!" ते ओरडले आणि हंड्यावरून झेपावले. म्हाताऱ्याच्या अंगात कुठून बळ आलं देव जाणे. त्यांनी बाटली ओढून घेतली, पोटाशी धरली, पोरीकडं पाठ करून भिंतीकडं वळले. वळताना बाटलीचं बूड रॅकच्या लोखंडाला लागलं.

आवाज असा झाला की वरच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजली. देवराव भिंतीवर आपटून खाली बसले. डावा पंजा बघवत नव्हता. दोन बोटं कातडीवर लोंबत होती, मांडीत तपकिरी काच उभी रुतली होती, हनुवटी फाटली होती, आणि वर्षानुवर्षं झोपलेली काळी बिअर त्यांच्या रक्तासकट फरशीवर फेसाळत होती. काकवीचा वास सुटला होता. एवढं होऊनही त्यांनी आधी वळून पोरीचं तोंड पाहिलं. तोंड धड होतं.

पीयूषच्या गालाला एक काच चाटून गेली होती. त्यानं गालाला हात लावला, रक्त पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं. हरामखोर होता, पण मूर्ख नव्हता. "मेरे लिए था ये? अबे बुढ्या, माह्यासाठी ठेवला होता हा बम?"

त्यानं लाथ घातली ती फाटलेल्या हनुवटीवर. दुसरी बरगडीत. मग पूजेतला पाना उचलला, दोन्ही हातांनी, आणि देवरावांच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलेलं गीतांजलीनं ऐकलं. देवराव ओरडले नाहीत, फक्त "गीतू, वर जा, वर जा," एवढंच म्हणत राहिले. कुंकवाचं बोट लागलेला पाना पुन्हा वर गेला.

गीतांजली वर गेली नाही. बापाच्या खिशातून पडलेला लाल कागद फेसात तरंगत तिच्या गुडघ्याशी आला होता. 'धोका. हात लावू नका.' दोरी कातरीनं कापलेली होती. भिलाईच्या पोरीला ह्यावर दुसरं काही सांगावं लागत नाही. तिनं मान वर केली, कोपऱ्यात उघडी पेटी पाहिली, आत निजलेल्या बाटल्या पाहिल्या. ती उठली, पेटीकडं गेली आणि डाव्या हातानं एक बाटली मानेला धरून उचलली.

"पीयूष," ती म्हणाली. लग्नापासून त्याला अहो म्हणत आली होती. "पाना ठेव खाली."

तो वळला आणि हसला. "तू? एका हातानं?"

"एकच लागते." तिनं बाटली हलवली. एकदाच, जोरात. तपकिरी काचेत फेस गळ्यापर्यंत चढला. "पाहून राहिला ना? अजून हलवू?"

"पगली, तू बी मरशील."

"माह्ये दात तू फोडले, बोटं तू फोडली. आता मले कायची भीती दाखवून राहिला?" आणि तिनं पुन्हा हलवली.

पाना फरशीवर पडला. पीयूष मागं सरला. ती पुढं झाली. तो जिन्याच्या पायऱ्या उलट्या चढला, हात पुढं करून, "गीतू, सुन, सुन ना, माफ कर," म्हणत. हा तोच आवाज, मागं जो ऐकून सगळं घर विरघळलं होतं. ती चढत राहिली. जिन्याच्या तोंडाशी कलावती हातात लाटणं घेऊन उभी होती, तिनं दिलं एक ठेवून जाता जाता त्याच्या कानशिलात. तो बॅगेला अडखळून पडला, उठला, अनवाणीच फाटकाबाहेर पळाला. गाडी सुरू होते न होते तोच गीतांजलीनं फाटकातून बाटली फेकली. समोरची काच आत गेली. गाडी तशीच वेडीवाकडी नाल्याला घासत निघून गेली. गल्लीच्या टोकाला मंडपात पूजेची गाणी चालू होती, आणि आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं जमली होती.

कलावती खाली उतरली ती पातळाचा पदर फाडतच. नवऱ्याचा पंजा तिनं घट्ट बांधला. ओठ चावत होती, पण हात डगमगत नव्हता. "एक चमचा जास्त झाला म्हणून इतके वर्ष चिडवलं मले," ती रडत म्हणाली. "चिडवा आता."

देवरावांना हसू आलं, आणि मग ते बेशुद्ध पडले.

दोन्ही बोटं काही वाचली नाहीत. गुडघ्यात स्टीलची पट्टी घालावी लागली. गीतांजलीनं पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं, हाताचं, दाताचं, पान्याचं. आपण बाटली फेकली हेही सांगितलं. दवाखान्यात देवरावांनी तिला जवळ बोलावलं. "टॅग मी काढला होता, बेटा. वाटलं, तोच उघडेल."

"माहीत आहे."

"तुह्याच तोंडाशी..."

गीतांजलीचे डोळे भरले, पण आवाज कडक होता. "बाबा, मले पाठवत होते तवा तुम्ही मले विचारलं नाही. अन् ठेवून घ्यायचं ठरवलं तवाही विचारलं नाही. जीव घ्यायले निघाले, तेही न सांगता. माह्या जिंदगीचा स्विच हरएक जण परस्पर दाबून राहिला."

खरं होतं ते. देवरावांनी धड हातानं तिचा प्लास्टरचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी श्यामराव आले. पीयूषचे वडील. सोबत समाजातली दोन वजनदार माणसं, हातात नारळ आणि साडीचं पाकीट. रीतच आहे आपल्याकडं, पोरीची हाडं मोडायची आणि वरून साडी नेसवायची. देवराव व्हरांड्यात पाय लांब करून बसले होते. कोपऱ्यात पीयूषच्या चपला तशाच पडल्या होत्या, कुणी हात लावला नव्हता.

श्यामरावांनी फाटकाची कडी उघडायला हात घातला आणि तो तसाच थांबला. कडीला लाल टॅग बांधला होता. बिअरचे आणि रक्ताचे डाग वाळून काळे पडलेले, दोरी नवी. 'धोका. हात लावू नका.'

श्यामराव रिटायर होऊन जमाना झाला होता. पण बोटं आपसूक मागं आली. चटका बसावा तशी आली. सोबतच्या एकानं पुढं होऊन म्हटलं, "अरे, कागद तर आहे, सरकवा ना." श्यामरावांनी त्याचा हात धरून खाली केला.

"देवराव," त्यांनी बाहेरूनच विचारलं. "हा तुम्ही लावला का?"

"नाही," देवराव म्हणाले.

आतून गीतांजली दारात आली. ती भरलेली बॅग आता तिथं नव्हती.

"मी लावला, मामाजी," ती म्हणाली.

श्यामरावांनी तिच्या हाताकडं पाहिलं, देवरावांच्या पंजाकडं पाहिलं. मग त्यांनी नारळ फाटकाबाहेरच जमिनीवर ठेवला आणि सोबतच्यांना म्हणाले, "चला. हे आपल्याले काढता येत नाही."